‘पारसनीस’ : एका विरळ आडनावाची व्युत्पत्ती आणि व्याप्ती

मराठी आडनावांमध्ये ‘-नीस’ या अंत्यपदाने ओळखला जाणारा एक लहानसा पण ठसठशीत वर्ग आहे. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, हसबनीस, जमेनीस, पागनीस, वाकनीस ही त्यातील काही नावे. यांपैकी फडणीस व चिटणीस ही आडनावे मराठी माणसाच्या नित्य परिचयाची आहेत. ‘चिटणीस’ हा शब्द तर संस्थेच्या कार्यवाहासाठी सामान्यनाम म्हणूनही रूढ झाला आहे. याच वर्गातील ‘पारसनीस’ हे आडनाव मात्र क्वचितच कानी पडते. आणि पडले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात हटकून एक शंका उद्भवते. या घराण्याचा पारशी समाजाशी काही संबंध असावा काय? दुसरा कोणी परिसाची, म्हणजे लोखंडाचे सोने करणाऱ्या दगडाची, आठवण काढतो. शंका निरुपद्रवी आहे. परंतु आडनावावरून वंश ठरविण्याची जी सवय आपल्या समाजात खोल रुजलेली आहे तिचाच हा एक आविष्कार असल्यामुळे तिचे निरसन होणे इष्ट आहे.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. हे नाव बनले कसे, हा पहिला. आणि ते इतके विरळ का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे स्थूल उत्तर सर्वज्ञात आहे. पारसनीस म्हणजे दरबारातील फारसी पत्रव्यवहाराचा लेखक. दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर त्या घराण्यांच्या वंशविस्तारात शोधण्यापेक्षा मराठी राज्याच्या कचेरीच्या रचनेत शोधावयास हवे. नावाची विरळता हाच येथे इतिहासाचा एक पुरावा आहे.

प्रथम उत्तरपदाकडे वळू. ‘-नीस’ हे फारसी ‘नवीस’ याचे मराठी रूप होय. फारसीत लिहिणे या अर्थाच्या क्रियापदाचे वर्तमानकालीन अंग ‘निवीस’ असे आहे. हिंदुस्थानातील फारसीत त्याचा उच्चार ‘नवीस’ असा स्थिरावला. समासाच्या अंती आले असता ते ‘लिहिणारा’ हा अर्थ देते. प्राचीन पारसीक शिलालेखांत ‘निपिश्त’ म्हणजे लिहिलेले असा शब्द येतो. त्यातील ‘पिश्’ हा धातू आणि कोरणे, घडविणे, सजविणे या अर्थाचा वैदिक ‘पिश्’ हे सगोत्र होत. दोहोंमध्ये उपसर्गही एकच, ‘नि’. लिहिण्यामागची कोरण्याची कल्पना त्या शब्दात राहून गेली आहे. म्हणजे आज पुण्यामुंबईस दारावरच्या पाटीवर दिसणाऱ्या या ‘-नीस’चे मूळ फारसी असले, तरी त्या फारसी शब्दाचे मूळ आणि वैदिक शब्दाचे मूळ फार दूरचे नाही.

‘नवीस’पासून ‘नीस’ होताना दोन बदल झाले. समासात दुय्यम ठरलेल्या ‘न’ मधील अकार आधी क्षीण झाला. नंतर ईकारापूर्वीचा ‘व’ गळाला. इ-ई या स्वरांपूर्वी ‘व’ टिकू न देणे ही मराठी बोलींची जुनी खोड आहे. विठोबाचा इठोबा, विहिरीची हीर आणि विसाचे ईस करणाऱ्या जिभेनेच नवीसाचा नीस केला. लेखनात मात्र पूर्ण व संक्षिप्त अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली आणि फडणवीस-फडणीस ही जोडी तर आजही जिवंत आहे. तसेच पारसनवीस आणि पारसनीस.

या वर्गातील ‘न’ कोठे तसाच राहतो आणि कोठे ‘ण’ होतो, हेही पाहण्यासारखे आहे. फडणीस, चिटणीस, कोटणीस यांत ‘ण’ आहे. पोतनीस, सबनीस, हसबनीस, पागनीस, पारसनीस यांत ‘न’. पहिल्या गटात अलीकडचे व्यंजन ट किंवा ड, म्हणजे मूर्धन्य आहे आणि त्याने शेजारच्या ‘न’ला आपल्या जातीत ओढले आहे. कारखानीसात आणखी एक गंमत झाली आहे. कारखाना आणि नवीस यांचा समास होताना दोन ‘न’ एकापाठोपाठ आले आणि मराठीने त्यांतील एकच ठेवला. हसबनीसाच्या मुळाशी बहुधा ‘हशम’ म्हणजे पायदळ हा शब्द असून, पुढील ‘न’च्या सान्निध्यामुळे ‘म’चा ‘ब’ झाला असावा. एकंदरीत हे सारे शब्द दप्तरात लिहून आलेले नाहीत, ते तोंडात घोळून आलेले आहेत. फारसी पंडितांच्या नव्हे, मराठी कारकुनांच्या तोंडात.

आता पूर्वपद. प्रचलित स्पष्टीकरणानुसार ‘फारस-नवीस’ यातील ‘फ’चा ‘प’ होऊन ‘पारसनवीस’ झाले. हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण मला ते ग्राह्य वाटत नाही. फारसी-अरबीतील ‘फ’ मराठीत सामान्यतः ‘फ’च राहतो. फौज, फायदा, फिर्याद, फर्मान, फितूर, फुरसत, सफर, तफावत, माफ असे कितीही शब्द पाहावेत. याला अपवाद म्हणून पोतदार व पोतनीस ही नावे पुढे करता येतील, कारण त्यांचे मूळ ‘फोता’ म्हणजे खजिन्याची थैली हे आहे. परंतु तेथे मराठीतले ‘पोते’ आणि ‘पोतडी’ हे शब्द आधीच हजर होते. पैशाच्या थैलीचा कारभार पाहणाऱ्याच्या नावात ते शिरले तर नवल नाही. ‘पारस’ला असा आधार कोणता? परीस? परिसाचा आणि लेखनिकाचा अर्थसंबंध जुळत नाही. ‘नीस’ हे पद आपल्यापूर्वी नेहमी एखादे खाते, एखादा कागद किंवा एखादे कार्य मागते. रत्ने त्याला चालत नाहीत.

चिटणीसाचे उदाहरण कोणी देईल. तेथे ‘चिठी’तील ठकाराचा महाप्राण लोपला आहे, मग फकाराचा का लोपू नये? परंतु ‘चिठी’तील ईकार गळाल्यावर ‘ठ’ हा लगोलग ‘न’ला भिडला, व्यंजनाला भिडलेला महाप्राण मराठी उच्चारात टिकणे अवघड असते. ‘फारस’मधील ‘फ’ पदारंभी आणि दीर्घ स्वरापूर्वी आहे, म्हणजे महाप्राणाला सर्वांत सुरक्षित अशा जागी आहे. तेथे तो जाण्याचे कारण दिसत नाही.

खरी गोष्ट अशी दिसते की येथे ‘फ’ कधी नव्हताच. इराणच्या भाषेचे मूळ नाव पकारादीच आहे; अरबीत ‘प’ नसल्याने अरबांच्या तोंडी पार्सचे फार्स झाले, आणि पुढे इराणी लोकांनीही ते उचलले. हिंदुस्थानात पकारादी रूप फार जुने आहे. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूची गाठ पारसीकांशी घालून दिली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोगल काळातही संस्कृत पंडित या भाषेला ‘पारसी’च म्हणत. अकबराच्या आमदानीत कृष्णदासाने फारसीचे व्याकरण व कोश संस्कृतात रचला, त्याचे नाव पारसीप्रकाश. शहाजहानच्या काळात वेदांगरायाने ज्योतिषाच्या उपयोगाकरिता फारसी-अरबी संज्ञांचा ग्रंथ केला, त्याचेही नाव पारसीप्रकाश. तेव्हा मराठी कचेरीतील लेखकाच्या नावात ‘पारसी’ हे देशी परंपरेतील रूप आले, यात विशेष काही नाही. ते ‘फारसी’चे अपभ्रष्ट रूप नसून तिच्याहून जुने रूप आहे.

मग ‘पारसी’तील ई कोठे गेली? चिठीची जेथे गेली तेथेच. पागा आणि नवीस मिळून पागनीस होताना ‘पागा’चा अंत्य स्वरही असाच गेला आहे. (१९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटातील विष्णुपंत पागनीसांमुळे हे आडनाव महाराष्ट्राच्या घरोघर पोचले, पण ते घोड्यांच्या पागेच्या हिशेबातून आले आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.) ई गेली हे ओळखण्याची आणखी एक खूण ‘स’ या वर्णात आहे. मराठीत इ-ई-ए या स्वरांपूर्वी ‘स’चा ‘श’ होतो, हा नियम झ्यूल ब्लॉक याने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विवेचिला आहे आणि प्रत्येक मराठी मूल तो नकळत पाळते. म्हैस पण म्हशी, तुळस पण तुळशी. त्याच न्यायाने ‘पारसी’चे मराठीत ‘पारशी’ झाले, आणि ते रूप त्या भाषेऐवजी पश्चिम किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या झरथुष्ट्री समाजाला चिकटले. समासात मात्र ई लोपली, ‘स’ला ‘श’ होण्याचे कारण उरले नाही, आणि पारसनीस हा शब्द सकारानेच सिद्ध झाला. पारशी आणि पारसनीस ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत. परंतु एकाचा संबंध वंशाशी आहे, दुसऱ्याचा दौत-लेखणीशी. आरंभी उल्लेखिलेल्या शंकेचे उत्तर हे आहे.

आता हा लेखक कोणत्या कचेरीत बसत असे ते पाहू. दक्षिणेतील सुलतानांच्या राज्यांत फारसी ही दरबारची भाषा होती, तथापि मुलकी हिशेब देशी लोकांच्याच हाती असे. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४–१५५८) हिशेबातून फारसी काढून तेथे देशभाषा आणली, असे फिरिश्ता सांगतो. यामुळे मराठी लिहिणारा वर्ग दप्तरात स्थिर झाला खरा, पण त्याची मराठी फारसी शब्दांनी तुडुंब भरलेली होती. राजवाड्यांनी तीन पत्रांतील शब्द मोजून दाखविले आहेत. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४.४, १६७७ च्या पत्रात ६२.७, आणि १७२८ च्या पत्रात ९३.७. तीन पत्रे म्हणजे संपूर्ण भाषा नव्हे, आणि राजवाड्यांच्या मोजणीवरून निष्कर्ष काढताना हात आखडताच घ्यावा; पण प्रवाहाची दिशा त्यांनी अचूक हेरली आहे.

त्या प्रवाहाला वळण देणारी घटना म्हणजे १६७४ चा राज्याभिषेक. त्या प्रसंगी प्रधानांची फारसी नावे जाऊन संस्कृत आली. मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबिराचा सुमंत झाला. पाठोपाठ राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दहा वर्गांत सुमारे चौदाशे व्यवहारातील शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संस्कृत नावे वरच्या पायरीवर टिकली. भोरचे पंत सचिव आणि बावड्याचे पंत अमात्य ही घराणी तीच नावे लावीत राहिली. खालच्या पायरीवरचे लेखक मात्र फडणीस, सबनीस, पोतनीस असेच राहिले. सुरनीस आणि वाकनीस ही आडनावे आज दुर्मीळ का, याचे एक कारण इथे मिळते. त्यांची पदेच नव्या नावाखाली गेली. पारसनीसाचे तसे नाही. त्याचे पद राहिले, नावही राहिले. त्याच्या विरळतेचे कारण निराळे आहे.

शिवकालीन कारभारात प्रत्येक मोठ्या खात्याला आठ नोकरांचा एक ठराविक संच जोडलेला असे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. या आठांत चार-पाच ‘-नीस’ आहेत; पारसनीस नाही. किल्ल्यांची व्यवस्था पाहिली तरी तेच. किल्ल्यावर हवालदार, सरनौबत, सबनीस, कारखानीस असत. पारसनीस नसे, कारण किल्ल्यावर फारसी लिहिण्याचे प्रयोजनच नव्हते. सभासदाच्या बखरीतील किल्ल्यांची बेरीज दोनशे चाळीस भरते. ती बेरीज नेमकी न मानता केवळ प्रमाण म्हणून घेतली, तरी एका राज्यात सबनिशीच्या जागा शेकड्यांनी मोजाव्या लागतात हे स्पष्ट होते. पारसनीस कोठे आढळतो? ग्रँट डफने १८२६ सालच्या आपल्या इतिहासात महाराजांच्या खास तैनातीतील जे मोजके लेखक सांगितले आहेत, त्यांत. म्हणजे राजापाशी, आणि राजापाशीच. औरंगजेबाला जिझिया करासंबंधी लिहिलेल्या प्रसिद्ध फारसी पत्राचा मसुदा नीळ प्रभू मुनशी याने केला असे जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. हे पत्र निरनिराळ्या नकलांत निरनिराळ्या राजांच्या नावे घातलेले आढळते, तो वाद येथे अप्रस्तुत आहे. एवढे खरे की अशा पत्राला लागणारी फारसी हिशेबी कारकुनाची फारसी नव्हे. मायन्यात कोणाला कोणते उपपद द्यावे, कोठे नम्र व्हावे आणि कोठे नम्रतेच्या शब्दांतच टोचावे, हे जाणणारा माणूस हवा असे, आणि असा माणूस दरबारी एक असला की पुरे होई.

तेव्हा स्थिती अशी दिसते. आतला कारभार मराठीत, बाहेरचा फारसीत. आणि आत-बाहेरच्या उंबरठ्यावर एकटा पारसनीस. मराठी राज्यात फारसी शब्द पुष्कळ उरले, पण फारसी भाषा मात्र एका माणसाच्या दौतीपुरती उरली. आडनावांच्या संख्येत आज जी विषमता दिसते तिचे मूळ या रचनेत आहे.

अठराव्या शतकात मराठी सत्ता उत्तरेत पसरली तेव्हा हे चित्र थोडे बदलले. दिल्लीस हिंगण्यांसारखे वकील राहू लागले; १७८४ मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलकीचे पद पेशव्यांना देऊन त्यांच्या वतीने महादजी शिंद्यांकडे कारभार सोपविला. बादशहा, निजाम, अयोध्येचा नवाब आणि इंग्रज या सर्वांशी पत्रव्यवहार फारसीतच होत असे. यामुळे पुणे, सातारा, नागपूर आणि शिंदे-होळकरांचे दरबार या प्रत्येक ठिकाणी फारसी जाणणाऱ्या लेखकांची गरज भासली. म्हणजे या आडनावाचे उगमस्थान एकच मानण्याचे कारण नाही. दोन पारसनीस घराणी परस्परांशी कोणतेही नाते नसलेली असू शकतात, जशी दोन फडणीस घराणी असतात. पण उगम अनेक असले तरी ते बोटांवर मोजण्याइतकेच. शिवाय उत्तरेत गेल्यावर या कामाला ‘मुनशी’ हा सर्वत्र कळणारा शब्द होता. काश्मीरपासून गुजरातपर्यंत मुनशी हे आडनाव निरनिराळ्या समाजांत आढळते. पारसनीस हे मराठी मुलखाबाहेर स्वतंत्रपणे निर्माण झालेले दिसत नाही. ज्या कामाचे अखिल हिंदुस्थानात एक नाव होते, त्या कामाला मराठी दप्तराने आपले खास नाव ठेवले, आणि म्हणून ते नाव मराठीच्या सीमेतच राहिले.

पदाचे आडनाव कसे होते, यासंबंधी दोन प्रसिद्ध उदाहरणे पुरेशी आहेत. नाना फडणीसांचे मूळ आडनाव भानू; घराणे वेळासचे. बाळाजी आवजी चिटणीसांचे मूळ आडनाव चित्रे. दोन्ही ठिकाणी पदाने कुळाचे नाव मागे सारले. याचे कारण केवळ प्रतिष्ठा हे नव्हे. अशी पदे कालांतराने वतनासारखी वंशपरंपरा चालू लागली. पदाबरोबर वेतन, इनाम आणि मान येई, आणि या सर्वांवरील हक्क पदाच्या नावात साठविलेला असे. नाव सोडणे म्हणजे हक्क सोडणे. पुढे १८१८ मध्ये पेशवाई, १८४८ मध्ये साताऱ्याचे व १८५३ च्या अखेरीस नागपूरचे राज्य संपले. कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने न्यायालये व महसुलातून फारसी हटविण्याचा मार्ग मोकळा केला होताच. काम संपले. परंतु नेमक्या त्याच काळात शाळेची पटपत्रके, नोकरीचे दाखले आणि कोर्टाचे कागद यांसाठी प्रत्येकाला एक कायम आडनाव आवश्यक होऊ लागले होते. जे नाव त्या घटकेला चालू होते ते गोठले.

भाषाशुद्धीच्या चळवळीनेही या नावांना हात लावला नाही, हे येथे सांगण्यासारखे आहे. सावरकरांनी परकीय शब्दांविरुद्ध मोहीम उघडली. १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९३८ मध्ये भाषाशुद्धि-विवेक लिहून शुद्धीचाच कैवार घेतला. हजर-गैरहजर गेले, तारखेला दिनांक झाले. पण कोणा फडणिसाने, सबनिसाने वा पारसनिसाने शुद्धीपायी आडनाव बदलण्याची रीत काही पडली नाही. शब्दकोशातील शब्द समाजाचा असतो, आडनाव घराचे असते.

आता वर्तमान व्याप्तीचा प्रश्न. १८७२ च्या पहिल्या खानेसुमारीपासून २०११ च्या जनगणनेपर्यंत आपल्याकडे आडनावांचे कोष्टक कधी प्रसिद्ध झालेले नाही. १९३१ पर्यंत जाती मोजल्या, भाषा व धर्म मोजले; आडनाव हा मोजण्याचा विषय मानला गेला नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २००० व २०१० या दोन्ही वेळी शंभर किंवा त्याहून अधिक लोकांनी धारण केलेल्या आडनावांची यादी संख्येसह प्रसिद्ध केली. इंग्लंडात १८८१ च्या जनगणनेतील नावनिशी उपलब्ध असल्याने एखादे आडनाव तेव्हा कोणत्या परगण्यात दाटले होते हे सांगता येते. आपणास मतदारयाद्यांवर विसंबावे लागते. दूरध्वनीच्या जाड पुस्तिका छापल्या जात तोवर शहरी अभ्यासकाला त्यांचा आधार होता. पण त्यांत सधन वर्गाचेच प्रतिबिंब पडे, आणि ‘-नीस’ आडनावे तर लेखणीवर जगणाऱ्या जातींचीच असल्याने त्यांची संख्या तेथे फुगून दिसे. मतदारयादीत हा दोष नाही, दुसरे आहेत. विवाहानंतर आडनाव बदलण्याच्या रूढीमुळे स्त्रियांची गणना जन्माच्या घरात न होता सासरी होते. शिवाय देवनागरीत पारसनीस व पारसनवीस, आणि रोमन लिपीत तर नीसमधील ईकार एका अक्षराने की दोन अक्षरांनी, रकारानंतरचा अकार लिहिला की गाळला, यांनुसार एकाच घराची तीन-चार रूपे होतात. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते, कारण तेथील दप्तरात दोन भावांची नावे दोन निराळी आडनावे म्हणून नोंदली जाऊ शकतात. विरळ आडनावाच्या मोजणीत असली फाटाफूट फार महाग पडते. जाधव किंवा पाटील यांत शंभर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही.

पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांत हे आडनाव विखुरलेले आढळते, दाटलेले कोठेच नाही. ग्रामनामापासून झालेल्या ‘-कर’ आडनावांना निदान एक गाव असते, जिथे मूळ शोधीत जाता येते. पारसनिसांना असे गाव नाही. त्यांचे गाव म्हणजे राजधानी, आणि राजधान्या उठल्या.

येथे एक गणिती आक्षेप विचारात घेणे भाग आहे. आडनावे विरळ होण्यास इतिहासाचे कारण लागतेच असे नाही. नुसत्या योगायोगानेही ती नष्ट होतात. घराण्यांच्या लोपाचा हा प्रश्न गॅल्टन व वॉटसन यांनी १८७४ मध्ये मांडला. एका पुरुषापासून सुरू झालेले नाव घ्या, आणि प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो, कोणाला अधिक, कोणाला एकही नाही, असे माना. केवळ संभाव्यतेच्या हिशेबाने पहिल्या पिढीतच शेकडा सदतीस नावे पुसली जातात, आणि दहाव्या पिढीपर्यंत शेकडा चौऱ्याऐंशी. राज्याभिषेकापासून आजवर अकरा-बारा पिढ्या झाल्या. मग पारसनीस विरळ आहेत यात आश्चर्य ते काय? आक्षेप वजनदार आहे, पण तो सर्वच ‘-नीस’ नावांना सारखाच लागू पडतो. जेथे आरंभीचे उगम शेकडो होते तेथे बहुतेक नावे पुसली जाऊनही पुष्कळ उरली. जेथे उगम पाच-दहा, तेथे एखाददुसरा वंश उरावा हेच स्वाभाविक. लोपाचा नियम एकच, पण भांडवल निराळे, म्हणून शिल्लक निराळी. आणि ती शिल्लक गणिताच्या अपेक्षेहून काहीशी अधिक राहिली असेल तर त्याचे श्रेय दत्तकाच्या चालीला द्यावे लागेल. निपुत्रिक वतनदार दत्तक घेई तो पिंडदानासाठी, तसाच वतनासाठीही. आणि दत्तकाबरोबर आडनाव पुढे जाई. गॅल्टनच्या इंग्लंडात दत्तकाला कायद्याचे स्थान नव्हते. तो कायदा तेथे १९२६ साली झाला. त्याचे गणित आपल्या वतनदार घराण्यांना जसेच्या तसे लावता येत नाही, ते या कारणासाठी.

या आडनावाला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांच्यामुळे. झाशीच्या राणीचे चरित्र, ‘इतिहाससंग्रह’ मासिक, किंकेड यांच्या सहकार्याने १९१८ ते १९२५ या काळात तीन खंडांत इंग्रजीत प्रसिद्ध झालेला मराठ्यांचा इतिहास हे त्यांचे कार्य सर्वांस ठाऊक आहे. नाना फडणीसांचे मेणवलीचे दप्तर त्यांनी मिळविले व सांभाळले. त्यांच्या संग्रहासाठी १९२५ मध्ये साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उघडले गेले, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. त्या संग्रहात दिल्लीहून आलेली फारसी बातमीपत्रेही होती. १७६१ ते १७८८ या काळातील त्या अखबारांचे जदुनाथ सरकारांनी केलेले भाषांतर १९५३ मध्ये पु. म. जोशी यांच्या संपादनाखाली मुंबई सरकारने छापले, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर ‘पारसनीस संग्रहातील बातमीपत्रे’ या अर्थाचे शब्द आले. जी पत्रे वाचण्यासाठी मराठी दरबारांनी पारसनीस ठेवले, ती पत्रे दीडशे वर्षांनंतर त्याच आडनावाच्या एका गृहस्थाच्या संग्रहातून अभ्यासकांपुढे आली. मात्र वाचली ती जदुनाथांनी, आणि उतरविली इंग्रजीत.